'किती जण?' विचारणाऱ्यांना, आणि 'आम्हाला ठाऊक आहे' म्हणणाऱ्यांनाही

मागच्या पावसाळ्यात भोसरीतले आम्ही पाच-सहा कार्यकर्ते एका सरकारी कार्यालयात निवेदन घेऊन गेलो होतो. विषय नवा नव्हता. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हाऊसकीपिंगच्या कंत्राटावर बाया आहेत. त्यातल्या ठरावीक आडनावांच्या बायांनाच संडास-मुताऱ्यांचं काम, आणि बाकीच्यांना ऑफिस, कँटीन, झाडांना पाणी. एका ताईंनी आम्हाला सगळी हकिकत सांगितली होती आणि आम्ही ती तीन पानांत मनापासून लिहिली होती. साहेबांनी वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वाईट आहे. पण किती जण? एक बाई सांगते म्हणून तो जातीचा प्रश्न होत नाही. आकडा आणा, मग बघू."

बाहेर येऊन चहाच्या टपरीवर आम्ही साहेबांचा यथेच्छ उद्धार केला. मनुवादी, प्रस्थापितांचा हस्तक, जे जे तोंडात आलं ते सगळं. ते सगळं बहुधा खरंही असेल. पण आमच्यातला एकजण कटिंग संपवत हळूच म्हणाला, "पण खरंच, किती जण?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. त्या कारखान्यात हाऊसकीपिंगला एकूण बाया किती, कुठल्या समाजाच्या किती, कुणाला कुठलं काम, हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला अन्याय माहीत होता, त्याचं माप माहीत नव्हतं.

हा लेख त्या टपरीवरच्या गप्प बसण्यातून आलेला आहे. आमच्यापैकी काहींनी समाजशास्त्रात एम.ए. केलंय. संशोधन पद्धतीच्या पेपरात 'संख्यात्मक' आणि 'गुणात्मक' असे दोन रकाने पाठ करून आम्ही पास झालो: एकीकडे प्रश्नावली, नमुना, टक्केवारी, तर दुसरीकडे मुलाखत, निरीक्षण, जीवनकथा. शेवटी एक टीप होती, हल्ली दोन्हींचं मिश्रण करतात म्हणून. पाच मार्कांची टीप. तिच्यावर आपल्या माणसांची भाकरी आणि कायद्याचं संरक्षण अवलंबून असेल असं तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आता उलटी बाजूही सांगतो, नाहीतर कुणाला वाटेल की आम्ही साहेबांच्या बाजूला गेलो.

'आकडा आणा' म्हटल्यावर आम्ही ईर्ष्येनं एक फॉर्म बनवला. दोन पानं, झेरॉक्स. त्यात एक प्रश्न असा होता: 'गेल्या एक वर्षात कामाच्या ठिकाणी तुम्हाला जातीमुळे भेदभाव सहन करावा लागला का? होय / नाही / सांगता येत नाही.' हा फॉर्म घेऊन आम्ही दोन रविवार वस्तीत फिरलो. ज्याला त्याला 'नाही'. आम्ही चक्रावलो. एका खोलीत लातूरकडच्या एक मावशी होत्या. त्यांनीही ठामपणे सांगितलं, "न्हाई बाबा, तसलं काय न्हाई." आम्ही 'नाही'वर खूण केली, पेनाला टोपण लावलं आणि उठलो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "च्या घेताव का? आमच्या घरचा चालतो नव्हं तुमाला?"

आमची आडनावं त्यांना माहीत नव्हती. पँट-शर्टातली, फॉर्म घेतलेली पोरं म्हणजे कुठलीतरी वरची असणार, हा त्यांचा हिशेब. त्या एका वाक्यानं आमच्या फॉर्मवरची खूण खोटी ठरवली. आम्ही पुन्हा बसलो, जयभीम घातला, चहा घेतला. मग त्या बोलल्या. जेवणाच्या सुट्टीत डबा कुठे उघडता, असं विचारल्यावर म्हणाल्या, "आमी तिघी लांबच बसताव, जिन्याखाली. कुनी बस म्हनलं न्हाई. आमीच बसताव. कशाला कुनाला तरास." त्यांच्या लेखी हा भेदभाव नव्हता, ती रीत होती. आणि रीतीसाठी आमच्या फॉर्मवर चौकट नव्हती.

नुसत्या आकड्यांचा धोका नेमका इथे असतो. चुकीचा प्रश्न हजार जणांना विचारला तर हजारपट चुकीचं उत्तर मिळतं, आणि त्याला टक्केवारीचा कोट-टाय चढतो.

अतिशयोक्ती वाटत असेल तर महाराष्ट्राचा चार टक्क्यांचा किस्सा ऐका. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी २०११-१२ साली देशभरातल्या ४२ हजारांहून अधिक कुटुंबांचं मानव विकास सर्वेक्षण केलं. त्यात अस्पृश्यतेबद्दल थेट प्रश्न होता: तुमच्या घरात कुणी शिवाशिव पाळतं का? 'नाही' म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न होता: अनुसूचित जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला, तुमची भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही मिळून देशातल्या २७ टक्के कुटुंबांनी कबुली दिली. मध्य प्रदेशात हा आकडा पन्नाशीच्या पुढे होता. आणि आपल्या महाराष्ट्रात? ४ टक्के. २०१४ च्या नोव्हेंबरात हे आकडे छापून आले तेव्हा फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्राची पाठ थोपटणारे कमी नव्हते.

आता त्याच आकड्याच्या शेजारी कॅलेंडर ठेवा. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. १ जानेवारी २०१३, सोनई. २८ एप्रिल २०१४, खर्डा. चार टक्केवाल्या राज्यात ही गावं कुठून आली? सर्वेक्षण खोटं होतं असं आम्ही म्हणत नाही. त्यातला दुसरा प्रश्न तर हुशारीनं घातलेला होता, कारण पहिल्याला कुणी सरळ 'होय' म्हणणार नाही हे संशोधकांना कळत होतं. पण महाराष्ट्रातल्या माणसाला शंभर वर्षांच्या चळवळीनं एक गोष्ट पक्की शिकवली आहे: अस्पृश्यता पाळतो असं म्हणायचं नसतं. त्या ४ टक्क्यांत खरोखर बदललेली घरं किती आणि बोलायला शिकलेली घरं किती, हे तो आकडा सांगूच शकत नाही. त्यासाठी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन बसावं लागतं. आणि जात महाराष्ट्रात जीव घेते ती बहुतेकदा भांड्यावरून नाही. जमिनीवरून घेते, आपल्या पोरानं वरच्या जातीच्या पोरीशी बोलण्यावरून घेते, मोबाईलच्या रिंगटोनवरून घेते. हे प्रश्न त्या चौकटीत नव्हते.

एवढ्यावर थांबलो असतो तर हे सगळं विद्यापीठातलं भांडण ठरलं असतं. पण आकड्याचं अर्धवट वाचन कायदा कसा बदलतं, हेही आपण याच महाराष्ट्राच्या एका प्रकरणातून पाहिलंय. कराडच्या सरकारी फार्मसी महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्यानं ॲट्रॉसिटीखाली तक्रार केली होती. ते प्रकरण वर गेलं आणि सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावानं २० मार्च २०१८ रोजी त्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. थेट अटक नाही, आधी वरिष्ठांची परवानगी, आधी प्राथमिक चौकशी, अटकपूर्व जामिनाला वाट मोकळी. ॲट्रॉसिटी कायद्याचे दात काढणारा निकाल. त्यात 'गैरवापरा'च्या चर्चेत एक आकडेवारी आली होती. ती आम्हाला तोंडपाठ आहे आणि प्रत्येक कार्यकर्त्याला असली पाहिजे: २०१५ साली न्यायालयांनी निकाली काढलेली प्रकरणं १५,६३८. त्यात शिक्षा ४,११९. निर्दोष किंवा दोषमुक्त ११,०२४. मागे घेतलेली ४९५.

बेरीज करून बघा, बरोबर जुळते. आकड्यात काही खोट नाही. खोट आहे ती वाचण्यात. अकरा हजार सुटले, म्हणजे अकरा हजार तक्रारी खोट्या? हाच अर्थ २०१६ पासून मोर्च्यांच्या फलकांवर फिरत होता.

खर्ड्याचं प्रकरण घ्या. भर दिवसा शाळेतून ओढून नेलेलं पोर. २०१७ च्या नोव्हेंबरात अहमदनगरच्या सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात हे प्रकरण कुठल्या रकान्यात जाईल? 'निर्दोष' या रकान्यात. पुढच्या वर्षी कुणी तो तक्ता उघडला तर खर्डा हे 'गैरवापरा'च्या बेरजेत एक म्हणून धरलं जाईल. एका बापाचा मुलगा आधी झाडाला, आणि मग तक्त्यात.

साक्षीदार फितूर कसा होतो, हे तक्ता सांगत नाही. ते गावात जाऊन बसल्यावर कळतं. कुणाच्या शेतावर तो रोजानं जातो, कुणाच्या दुकानातून उधार आणतो, पोलीस पाटील कोण, खटला चालेपर्यंत किती वर्षं गेली, मधल्या काळात कुणाच्या पोरीचं लग्न अडलं. 'निर्दोष' या एका शब्दात हे सगळं दडपून भरलेलं असतं. २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदमध्ये माणसं रस्त्यावर उतरली, काहींचे जीव गेले, ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयानं फेरविचारात आपलेच निर्देश मागे घेतले. त्या फेरविचारात जे मान्य झालं ते हेच, की आरोपी सुटणं म्हणजे तक्रार खोटी असणं नव्हे, तपास आणि सरकार पक्षाची कामगिरीही बघावी लागते. अंकाला अर्थ देण्यासाठी केवढी किंमत मोजावी लागली बघा.

म्हणजे आकडे फेकून द्यायचे का? नाही. इथे आम्ही आपल्याच लोकांशी भांडणार आहोत.

चळवळीत एक सूर फार ऐकू येतो: 'आम्ही भोगलंय, आम्हाला संशोधनाची गरज नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.' खरंय, कळतं. पण ज्याला कळतं त्याला ते दुसऱ्यासमोर सिद्धही करावं लागतं. बाबासाहेबांना अनुभव कमी होता का? गोरेगावच्या प्रवासात तहानलेला राहिलेला मुलगा, बडोद्यात पारशी खानावळीतून लाठ्या घेऊन हुसकलेला विद्वान, दौलताबादच्या किल्ल्यावर हौद बाटवला म्हणून अडवलेला नेता, ही सगळी एकच व्यक्ती. हे अनुभव त्यांनी लिहून ठेवलेच, सोबत इतरांवर बेतलेले प्रसंगही नोंदवले. पण ज्या हातानं हे लिहिलं त्याच हातानं १९१८ साली भारतातल्या लहान शेतजमिनींवरचा निबंध लिहिला, १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा तक्त्यांनी भरलेला ग्रंथ लिहिला, आणि साउथबरोपासून सायमनपर्यंत प्रत्येक समितीपुढे लोकसंख्येचे हिशेब मांडले.

१९३२ चा प्रसंग तर संशोधन पद्धतीच्या प्रत्येक वर्गात शिकवायला हवा. लोथियन समिती मताधिकार ठरवायला फिरत होती. अस्पृश्यांना किती प्रतिनिधित्व द्यायचं, हे अस्पृश्य किती यावर ठरणार होतं. आणि अचानक प्रांताप्रांतातून उत्तरं येऊ लागली की आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, जनगणनेच्या हिशेबानं सव्वा कोटीच्या घरात अस्पृश्य होते. तिथल्या प्रांतिक मताधिकार समितीनं सांगितलं, सहा लाख. कोट्यवधी माणसं एका व्याख्येत गडप! ती व्याख्या काय होती? ज्याचा प्रत्यक्ष स्पर्श बाटवतो तोच अस्पृश्य. रेल्वेच्या डब्यात, बाजाराच्या गर्दीत स्पर्श टाळता येत नाही, मग म्हणा अस्पृश्यता संपली.

बाबासाहेबांनी समितीपुढे मांडलेला मुद्दा असा, की स्पर्श शब्दशः घेऊन चालणार नाही. जिथे स्पर्श नाइलाजानं चालवून घेतला जातो तिथेही मनातली किळस, सामाजिक दर्जा, दूर ठेवण्याची वृत्ती कायम असते, तीही मोजणीत धरली पाहिजे. आता बघा, अस्पृश्यता म्हणजे काय हा प्रश्न गुणात्मक. अस्पृश्य किती हा प्रश्न संख्यात्मक. पहिल्याचं उत्तर ज्याच्या हातात, दुसऱ्याचा आकडा त्याच्या खिशात. बाबासाहेब दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी लढले, म्हणून आपण मोजले गेलो.

आणि हे आपल्यापुरतंच नाही. अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १८९९ साली फिलाडेल्फियातल्या काळ्यांच्या वस्तीवर ग्रंथ लिहिला. त्यासाठी ते त्या वस्तीत जाऊन राहिले, घरोघर स्वतः फिरले, माणसांशी बोलले, घरांचे नकाशे केले, कमाईचे तक्ते केले. 'काळे मुळातच गुन्हेगार' म्हणणाऱ्या गोऱ्या शहाण्यांना त्यांनी त्यांच्याच भाषेत, तक्त्याच्या भाषेत, उत्तर दिलं आणि तक्त्यात न मावणारं मजकुरात दिलं. याच ड्युबॉइसना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं होतं. दोघांचं दुखणंही सारखं होतं आणि हत्यारंही.

आपल्याकडे अलीकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण २००७ सालचं. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा: एक उच्चजातीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. ६६ आठवडे, ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याचा संभव ०.६७ पट निघाला, मुस्लिम नावाला ०.३३ पट. म्हणजे मुलाखतीच्या खोलीत पाय ठेवण्याआधीच, लिफाफ्यावरच जात वाचली जाते. 'खासगी क्षेत्रात फक्त गुणवत्ता' या भजनाचं हे उत्तर.

पण लिफाफा उघडणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं? ते त्या आकड्यात नाही. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २५ मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यातला एकही जात मानतो असं म्हणत नाही. सगळे गुणवत्तेचे पुजारी. मात्र उमेदवाराला हमखास विचारतात: कुटुंबाची पार्श्वभूमी काय, वडील काय करतात, कुठल्या भागातले? 'चांगल्या घरातला' या शब्दात जात कशी गुंडाळली जाते ते त्या मुलाखतींनी उघडं केलं. दोन्ही लेख एकाच अंकात छापले गेले, आणि शेजारी-शेजारी ठेवले की पळवाट उरत नाही. नुसत्या मुलाखती असत्या तर म्हणाले असते, पंचवीस जणांवरून काय ठरतं. नुसते आकडे असते तर म्हणाले असते, योगायोग असेल, अर्जातच काही कमी असेल.

एक तक्रार मात्र आहेच. हे अर्ज पदवीधरांचे, इंग्रजी जाहिरातींचे. भोसरीत जाहिरात कुठे असते? कंपनीच्या गेटवर फळा असतो, त्यावर 'हेल्पर पाहिजेत' आणि ठेकेदाराचा मोबाईल नंबर. चाकणला बस भरून पोरं जातात ती गावच्या मुकादमाच्या ओळखीनं. इथे अर्ज पाठवून काही मोजता येणार नाही. इथे ठेकेदाराच्या हजेरीपटापासून सुरुवात करावी लागेल, आणि त्याआधी ठेकेदार माणूस कसा निवडतो हे अड्ड्यावर पहाटे उभं राहून बघावं लागेल. पुस्तकातली पद्धत उचलून आणली की काम झालं, असं होत नाही.

नुसती मोजणी, आणि तीही आळशी, केली की काय होतं ते २०२२ साली सगळ्या राज्यानं पाहिलं. ओबीसींच्या राजकीय आरक्षणासाठी न्यायालयानं प्रत्यक्ष माहितीचा आधार मागितला होता. बांठिया आयोगानं मतदार याद्यांतल्या आडनावांवरून ओबीसी शोधायला घेतले. आडनावांवरून! जाधव, पवार, मोरे, शिंदे, गायकवाड. भोसरीच्या कुठल्याही गल्लीत या पाच आडनावांत किती जाती आहेत ते दुकानदाराला विचारा. खुद्द ओबीसी नेत्यांनीच या पद्धतीवर बोंब ठोकली. आकडा निघाला ३७ टक्के. ज्यांना आडनावाचा आणि जातीचा संबंध गावात बसून समजून घ्यायचा नव्हता, त्यांनी तो संगणकाला विचारला. गंमत अशी, की हेच आडनाव आपल्या पोराला भाड्याची खोली नाकारायला मात्र पुरेसं असतं. तिथे घरमालक संगणकापेक्षा हुशार. नुसत्या आडनावावर त्याचं समाधान होत नाही. गाव कुठलं, देव कुठला, घरात फोटो कुणाचा, मटण किती वेळा, असं चार बाजूंनी विचारून तो खात्री करून घेतो. घरमालकाचं संशोधन मिश्र पद्धतीचं असतं, म्हणून तो चुकत नाही.

विद्यापीठातल्या आपल्या विद्यार्थ्यांना एक सांगायचंय. गोपाळ गुरू यांनी २००२ साली एक लेख लिहून भारतीय समाजशास्त्रांतली वर्णव्यवस्था उघडी पाडली: सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि माहिती गोळा करणारे शूद्र. आजही बघा, मोठ्या संस्थांच्या प्रकल्पांत वस्तीत फॉर्म भरायला आपली पोरं, दिवसाच्या भत्त्यावर. आणि त्याचा अर्थ लावून परदेशात पेपर वाचायला दुसरे. शर्मिला रेगे यांनी पुणे विद्यापीठात बसून दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना ज्ञानाचा दर्जा दिला तेव्हा 'हे कसलं समाजशास्त्र' म्हणून नाकं मुरडणारे होतेच. या वाटणीमुळे आपल्यात दोन प्रकारची पोरं तयार होताहेत. एक एसपीएसएस येणारं, ज्याला वस्तीत बोलता येत नाही. दुसरं कविता आणि भाषण येणारं, ज्याला टक्केवारी काढता येत नाही. व्हॉट्सॲपवर आलेला '९० टक्के' असा कुठलाही आकडा हे दुसरं पोर पुढे ढकलतं आणि मग विरोधकाच्या एका प्रश्नात पूर्ण मोर्चा हास्यास्पद होतो. खोटा आकडा आपल्या बाजूचा असला तरी खोटाच, हे ठणकावून सांगायला आम्हाला अजिबात संकोच वाटत नाही.

आणि आता हे सगळं तातडीचं का, तर मोजणी दारात आली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं जनगणनेत जात मोजायचं ठरवलं. माणसांच्या मोजणीचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७. पिंपरी-चिंचवडचा शेवटचा अधिकृत आकडा २०११ चा आहे, १७ लाख २७ हजार. तेव्हापासून मोशी, चिखली, चऱ्होलीच्या माळावर केवढं शहर उभं राहिलं, पण प्रभागरचना असो की निधी, हिशेब अजून त्याच जुन्या आकड्यावर.

आपल्या घराघरांत यावर वाद सुरू आहे: धर्माच्या रकान्यात बौद्ध, हे नक्की. जातीच्या रकान्यात काय? 'बाबासाहेबांनी ज्यातून बाहेर काढलं ते नाव मी पुन्हा का लिहू?' असं एका तरुणीनं आमच्या बैठकीत विचारलं तेव्हा खोली शांत झाली. तिचं म्हणणं हलकं नाही. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते सुमारे अडीच हजार. १९६१ साली २७ लाख ८९ हजार ५०१. नुसता आकडा बघणारा परका माणूस म्हणेल, छापण्यात चूक झाली. आपल्याला माहीत आहे मधे १४ ऑक्टोबर १९५६ आहे. आपल्याला आज्यांनी सांगितलंय की त्या रात्री देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून विहिरीत कसे सोडले, आणि सकाळी गावकीचं काम करायला नकार दिल्यावर काय झालं. त्या तरुणीच्या प्रश्नात ही सगळी आजी बोलत होती.

तरीही आमचं मत स्पष्ट आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळतात, पण अनुसूचीत जातींची नावं आहेत, 'बौद्ध' हे नाव नाही. जातीच्या रकान्यातही 'बौद्ध' लिहिलं तर अनुसूचित जातींच्या बेरजेतून आपण आपल्या हातानं वजा होतो. २०११ साली महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध नोंदले गेले, आणि त्यातले सगळेच काही अनुसूचित जातीत नोंदले गेले नाहीत. १९३२ साली दुसऱ्यांनी आपल्याला व्याख्येतून गायब केलं होतं, २०२७ साली आपण स्वतः होऊ नये. रकान्यात अनुसूचीतलं नाव लिहा, ते शासनाच्या हिशेबासाठी. आणि ते लिहिताना हात का थांबला, हे वेगळ्या वहीत लिहा. ती वहीसुद्धा आपणच ठेवायची आहे, कारण जनगणनेच्या प्रगणकाकडे तिच्यासाठी जागा नाही. कुणाला हे पटणार नाही, त्यांनी जरूर भांडावं. फक्त अनुसूची वाचून भांडावं.

भोसरीत आम्ही दुसरा फॉर्म केला आहे. पहिल्या फॉर्ममधला 'भेदभाव झाला का' हा प्रश्न आम्ही काढून टाकला. त्याजागी विचारतो: जेवणाच्या सुट्टीत काल कुठे बसलात? शेजारी कोण होतं? खोली घेताना मालकानं काय काय विचारलं, कुठल्या क्रमानं? आडनाव पूर्ण सांगितलंत की नुसतं पहिलं नाव? सुपरवायझर तुम्हाला काय म्हणून हाक मारतो? कुठलं काम तुमच्या वाट्याला आलं आणि ते आधी कोण करत होतं? हे प्रश्न आमच्या डोक्यातून आले नाहीत. मावशींच्या आणि आणखी काही जणींच्या गप्पांमधून आले. आधी ऐकलं, मग प्रश्न बनवले. आता वस्तीतल्या प्रत्येक पाचव्या खोलीत तेच प्रश्न, तेच शब्द, सगळ्यांना. ओळखीच्याच घरात जायचं नाही, आणि जयभीमवाल्यांपुरतं तर मुळीच नाही. मराठा, माळी, मातंग, मुसलमान, बिहारी, सगळ्यांना विचारायचं, नाहीतर तुलना कशाशी करणार? मोजून झाल्यावर जी उत्तरं बेरजेत बसत नाहीत त्या घरी पुन्हा जायचं आणि का ते विचारायचं.

कुणाचंही नाव फॉर्मवर नाही, खोली क्रमांकही नाही. फॉर्म ठेकेदाराच्या हाती लागला तर पहिली नोकरी मावशींची जाईल.

साहेबांकडे परत जाणार आहोत. मावशींनी विचारलंय, आकडा नेऊन दिल्यावर तरी जिन्याखालून उठवतील का. आम्ही म्हणालो, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मग लिवा. माज्यासकट तिघी लिवा. चौथी बी हाय, रातपाळीला असती, तिला रविवारी गाठा."